उस्तादचं वळण

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या वरच्या खिळ्याला एक फोटो टांगलेला होता. लग्न होऊन अणदूरला आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी त्याला देव समजून हात जोडले आणि कुंकवाचं बोट लावायला गेले, तर आत्याबाई हसत हसत खालीच बसल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "अगं, त्यो फटफटीवाला हाय," म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचा देव. आमच्या कुळातला न्हाय."

फोटो पेपरातनं कापलेला होता. फटफटी एका अंगाला इतकी कललेली, की माणसाचा गुडघा सडकेला टेकतोय का काय असं वाटावं. गळ्यात रुमाल, डोळ्यांवर मोठा चष्मा. त्याचं नाव आमच्याकडं कुणी घेत नसे, सगळे उस्तादच म्हणायचे. निजामाच्या फौजेत तो फटफटीवरनं डाक पोचवायचा म्हणे. पोलीस ॲक्शननंतर ती फौज गेली आणि हा शर्यतींत उतरला. सोलापूर-हैदराबाद सडकेवर तेव्हा हौशी लोक फटफट्या पळवायचे. उस्ताद असला की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठीच पळतात, असं आमचे हे सांगायचे. सांगताना डोळे असे चमकायचे की माझ्याकडं बघताना तसे कधी चमकले नाहीत, हे मी तोंडावर म्हटलेलं आहे.

माझं माहेर जळकोट, त्याच सडकेवरचं. त्यामुळं उस्तादला मीही एकदा पाहिलेलं होतं. आमच्या दाराशी थांबून त्यानं पाणी मागितलं, मी तांब्या दिला. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. पाणी पिऊन "जीती रहो बेटी" म्हणाला आणि गेला. एवढंच. पण हे सांगितल्यावर घरात माझी किंमत एकदम वाढली. ह्यांचा एक दोस्त गावच्या डॉक्टरकडं कंपाउंडर होता. तो मुद्दाम आला आणि विचारायला लागला, "वहिनी, तांब्या त्यांनी कुठल्या हातानं धरला? उजव्या का डाव्या?" मला कुठलं आठवतंय! मी आपलं उजव्या म्हटलं. तेव्हापासून कंपाउंडर डावा हात खिशात घालून पाणी प्यायचा.

हसू येतं आता. तेव्हाही आलं असतं, पण उस्ताद मेला होता ना. माझ्या लग्नाच्या आदल्या साली गेला. नळदुर्गाजवळ सडक बोरी नदीकडं उतरते तिथं एक वळण होतं, त्या वळणावर गेला. कुणी म्हणे बैलगाडी आडवी आली, कुणी म्हणे टायर फुटलं. ह्यांच्या टोळक्याचं मात्र एक ठरलेलं होतं, की उस्तादनं त्या वळणावर जन्मात कधी ब्रेक धरला न्हाय, आणि त्या दिवशीही धरला नाही.

"धरला असता तर जिता राहिला असता," मी एकदा म्हटलं.

"धरला असता तर उस्ताद कसला?" हे म्हणाले, आणि जेवणाचं ताट सरकवून उठले.

त्या वळणाखाली ह्या टोळक्यानं एक दगड मांडला होता. दसऱ्याला गावची माणसं शीव ओलांडायला जातात, आपट्याची पानं आणतात, सोनं म्हणून एकमेकांना देतात. ह्या लोकांनी आपली वेगळीच रीत काढली. फटफट्यांवरनं शीव ओलांडायची, नळदुर्गापर्यंत जायचं, ते वळण ब्रेक न धरता उतरायचं आणि खालच्या दगडावर उस्तादला सोनं वाहायचं. आधीची दोन वर्षं ह्यांच्याकडं फटफटी नव्हती, हे नुसते कुणाच्या तरी मागं बसून गेले. तिसऱ्या वर्षी ह्यांनी लष्कराच्या भंगारातनं सुटे भाग आणून स्वतःची उभी केली. सडकेला लागून ह्यांचं पत्र्याचं दुकान होतं, ट्रकची दुरुस्ती, पंक्चर. पावसाळाभर रोज संध्याकाळी तिथं ठोकाठोक चालायची, आणि ती फटफटी जसजशी उभी राहायला लागली तसतसं माझं जेवण कमी होत गेलं. थोरली मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. आत्याबाई म्हणायच्या, "खा की, दूध कशाचं येणार?" मला घास गिळवायचा नाही. डोळ्यांपुढं ते वळण.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. ह्यांनी दुपारी फटफटी धुतली, ब्रेकची सळई काढली, घासूनपुसून तेल दिलं, आणि तेवढ्यात कंपाउंडर आला म्हणून चहाला गेले. तोवर आत्याबाईंनी दुकानातले सगळे पाने, हातोडे, पक्कड पाटीत भरून घरी आणले, पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली, निवद दाखवला. हे परत येऊन बघतात तर सळई बाहेर आणि पाने देवापुढं.

आता ज्याला आमच्याकडची रीत ठाऊक न्हाय त्याला वाटेल, उचलायचा एक पाना, त्यात काय. पण पूजेतलं हत्यार दसऱ्याला शीव ओलांडून सोनं घरात आल्याबिगर उचलायचं नाही. आमच्या सासऱ्यांनी एका वर्षी कुऱ्हाड उचलली आणि तिनंच पाय कापून घेतला, हे आत्याबाई दर वर्षी सांगायच्या. दुसऱ्याकडनं मागून आणावा, तर त्या दिवशी अख्ख्या सडकेवर कुणाचाच पाना मोकळा नव्हता.

ह्यांनी सळई बसवली आणि नट हातानं आवळला.

दसऱ्याच्या सकाळी मी पाणी द्यायला दुकानात गेले तर कंपाउंडर नट बोटानं फिरवून बघत होता. सहज फिरत होता.

"ढिला हाय की हो!" मी म्हटलं.

"वहिनी, ही उस्तादचीच मर्जी," तो म्हणाला. "कुणाच्या मनात ब्रेक धरायचं आलं तरी धरता येऊ नये म्हणून."

"तुम्ही मागं बसणार ना? मग तुम्हीच आधी पडाल."

"मागचा माणूस वर पडतो, वहिनी. खाली हे."

हे शेजारीच उभे होते, दोघं हसले. अहो, आज जाऊ नका, म्हटलं. "समदी जमणार, म्या एकटाच घरी बसू?" हे म्हणाले. मी आत्याबाईंकडं गेले. पाना द्या म्हणून हात जोडले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता, एकुलता एक लेक होता त्यांचा, पण त्या पाटापुढनं हलेनात. "सोनं आल्याबिगर न्हाय. उचलला आन् कायतरी झालं तर? कुणाच्या माथी मारशील?" त्यांना एक भीती, मला दुसरी. मधे पाना.

उन्हं थोडी कलली तशा सडकेवर फटफट्या वाजायला लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. मी मुलीला कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं निघाले. आमच्या गावची शीव ओढ्याला. बायकांनी शीव ओलांडायला जायची पद्धत नव्हती, पण जाऊ नको असंही मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी पळतच गेले. ओढा उतरले, पलीकडं बांधावर आपट्याचं झाड होतं, एक डहाळी ओरबाडली आणि तशीच मागं फिरले. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, मुलगी रडतेय, वाटेत गुरं घेऊन येणारा म्हातारा विचारतोय, "काय गं पोरी, कोण गेलं?" मी म्हटलं, "अजून कोण न्हाय!"

घरात शिरले आणि आत्याबाईंच्या हातावर पानं ठेवून पाया पडले. "शीव ओलांडली. सोनं आलं. आता पाना द्या."

त्या पानांकडं बघत राहिल्या. मग माझ्या भिजलेल्या लुगड्याकडं. बाहेर फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला.

"पुरुषमाणसानं आणायचं असतं," त्या म्हणाल्या.

"घरात कुणी आणायचं ते कुठं लिवलंय?"

आत्याबाईंनी पानं देवापुढं ठेवली, हात जोडले, आणि पाना स्वतः उचलला. मला दिला नाही. पदर खोचून स्वतः सडकेवर गेल्या आणि फटफटीच्या पुढं उभ्या राहिल्या. "उतर खाली," म्हणाल्या. "आवळ आधी. मग जा तुझ्या देवाकडं."

सगळ्या टोळक्यासमोर ह्यांनी उतरून नट आवळला. कान लाल झाले होते. कंपाउंडर म्हणाला, "उस्तादच्या आईनं असं केलं असतं तर?" आत्याबाई म्हणाल्या, "तर त्या बाईचा ल्योक आज सोनं घेऊन घरी आला असता."

गेले. पण नट आवळला म्हणून ब्रेक धरतील कशावरून? तो धरायचा नाही असंच तर ठरलेलं. मी आणि आत्याबाई उंबऱ्यात बसलो. शेजारची माणसं सोनं द्यायला येत होती, आम्ही "सोन्यासारखं राहा" म्हणत होतो आणि कान सडकेकडं. दिवे लागले. प्रत्येक ट्रकचा आवाज फटफटीचा वाटायचा. आत्याबाई एकदाच बोलल्या, "तू पळत गेलीस त्ये बरं केलंस."

आली फटफटी. आधी मी माणसं मोजली. दोघंही होते. कंपाउंडरचा सदरा टोळक्यातल्या एका शिंप्याच्या रक्तानं भरलेला होता. तो शिंपी ह्यांच्या पुढं होता, वळणावर अंथरल्यासारखी बारीक खडी पसरलेली, त्याची गाडी घसरली आणि पायाचं हाड मोडलं. त्याला नळदुर्गच्या दवाखान्यात पोचवून हे आले होते.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

कंपाउंडरच म्हणाला, "वहिनी, म्या मागनं असा ओरडलो, असा ओरडलो... ब्रेक धर, ब्रेक धर! तुळजापुरापर्यंत ऐकू गेलं असंल."

हे जेवायला बसले. भाकरीचा तुकडा मोडला. मग फोटोकडं न बघता हळूच म्हणाले, "खडी हाय तिथं लई. उस्तादबी धरतच असंल ब्रेक. आमाला दिसला नसंल."

आत्याबाईंनी ह्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मग माझ्याही.