नव्या भाताच्या पंगतीत खोबरेल

आमच्या सासरी भांडणं जमिनीवरून होतात, असं गावातले लोक सांगतात. साफ खोटं आहे. मागचं भांडण मोहाच्या झाडावरून झालं होतं, आणि यंदाचं भाजीवरून. यंदाचं मी लावलं.

मोहाचं झाड सालेकशाकडच्या आमच्या शेतात, दोन भावांच्या बरोबर मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं आहे. त्याची फुलं वेचायची कोणी, यावरून आमचे हे आणि यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, असे भांडले की बोलचालच बंद! आम्ही राहतो गोंदियात. आमच्याकडून फुलं वेचायला कोणी कुत्रंही जात नव्हतं. पण तत्त्व! तत्त्वासाठी माणूस सख्खा भाऊ सोडतो, झाड सोडत नाही.

अशी कैक वर्षं गेली. यंदा दिवाळीनंतर धान कापून झालं आणि जाऊबाईंचा फोन आला. (आधी मला वाटलं, चुकून लागला.)

"नवं खाले या दोघंही. माय म्हणून राह्यली, का दोन्ही पोरं एका पंगतीत जेवले तं मी सुखानं डोळे मिटीन."

नवं खाणं म्हणजे नव्या तांदळाचा पहिला भात देवाला दाखवायचा आणि मग घरच्या सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायचा. जो हा भात खातो, तो घरचा. इतकं सोपं आहे ते. फोन स्पीकरवर होता. यांनी तो ठेवला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. लग्नातसुद्धा मी या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकी मी तेव्हा कीटोवर होते!

झालं असं की माझे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून मी मोबाईलवर एक डाएटवाली मॅडम धरली. कार्ब, म्हणजे पिठूळ-गोड सगळं, शून्यावर आणायचं म्हणून तिनं भात बंद केला. पोळी बंद, बटाटा बंद, गूळ-साखरेचं तर नावच नको. धानाच्या जिल्ह्यात भात सोडलेली बाई म्हणजे मोठाच तमाशा. शेजारीण रोज विचारायची, "नवस-गिवस बोलल्या का वो?"

मी मॅडमला म्हटलं, "मॅडम, नुसत्या भाजीनं पोट कसं भरणार?"

"दीदी, सब्जी में फॅट बढाओ! फॅट से डरना नहीं है!"

मग काय, घाबरणं मी सोडूनच दिलं. पालक तुपात पोहायला लागला. कोबी लोण्यात बुडाला. दोडक्याच्या भाजीवर तर इतकं तूप तरंगलं की आमचे हे म्हणाले, "अवं, ही भाजी आहे का दिवा? वात लावू का?" पुढं मॅडमनं खोबरेल सांगितलं. आता आमच्या भागात खोबरेल डोक्याला लावतात. जेवणात घालते असं सांगितलं तर समोरचा तुमच्या डोक्याकडेच बघतो.

निघताना यांनी हात जोडले. खरंच जोडले. "एक दिवस भात खाय. तिथं तुझं ते किटो-बिटो नको काढू. माझा भाऊ मले वापस भेटून राह्यला."

"खाईन हो!" मी म्हटलं. पण मॅडम म्हणाली होती की एक घास भात खाल्ला तर महिन्याची तपश्चर्या पाण्यात. म्हणून मी मनात बेत केला : भात पत्रावळीखाली सरकवायचा आणि भाजीवर पोट भरायचं. भाजीत चरबी नसली तर? त्यासाठी पर्समध्ये खोबरेलाचा स्टीलचा डबा ठेवला. एवढी अक्कल मी संसारात वापरली असती तर आज बंगला असता!

गावी पोचलो. भासरे आमच्या यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाळला रे." बस्स, एवढंच. दोघंही भाऊ एकमेकांकडे न बघता अंगणात बाजेवर जवळजवळ बसले. सासूबाई त्या दोघांकडे बघत राहिल्या, त्यांचं देवाकडे लक्षच नव्हतं.

जाऊबाईंनी मला चुलीपाशी नेलं. त्यांची वांगं-शेंगांची भाजी गावात नावाजलेली. लग्नघरचे लोक बोलावून नेतात. त्या भाजीची पळी त्यांनी माझ्या हातात दिली.

"मी देवापाशी जाऊन येतो. तू फक्त हलवत राह्य. टाकू काही नको, समदं पडलं आहे."

माझे डोळे भरून आले. (धुरानं नाही, खरं सांगते.) या बाईनं आजवर मला त्या भांड्याचं झाकणही उचलू दिलं नव्हतं. मी हळूच चव घेतली. भाजी अमृत होती. पण चरबी? नावाला!

पंगतीत डबा काढला असता तर चारचौघांत दिसलं असतं. भांड्यातच एक चमचा टाकला तर कोणाला कळतं? झालाच तर सगळ्यांच्या तब्येतीला फायदा! मी डबा तिरका केला. थंडीनं खोबरेल गोठून पांढरं फटक झालेलं. हलेना. मी डबा उलटा करून बुडावर थाप मारली आणि अख्खाच्या अख्खा गोळा भाजीत पडला. धप्प!

काढायला गेले तर विरघळला. आणि वास सुटला, रविवारी डोक्याला तेल चोपडताना सुटतो तो! मी घाईघाईनं मूठमूठ सांबार टाकला (आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात), आणि झाकण लावून देवाचं नाव घेतलं.

पंगत बसली. भाऊकीतले लोक होते. दोघं भाऊ शेजारी शेजारी. नव्या भाताची वाफ निघत होती. भासऱ्यांनी पहिला घास भाजीत कालवला, तोंडात घातला आणि थांबले.

"भाजीले डोक्याच्या तेलाचा वास काऊन येऊन राह्यला?"

सगळ्यांनी वास घेतला. सासूबाईंनी जाऊबाईंकडे पाहिलं. "काय वो, तेल लावून हात नाही धुतले? आज नव्याच्या दिवशी?"

"देवाशपथ माय, मी डोक्याले तेल लावलंच नाही!" जाऊबाई रडकुंडीला आल्या. "कोरड्या केसानं सैपाक केला!"

आणि मी काय केलं? मी खाली मान घालून भाजी खात राहिले. चवीला चांगली झाली होती हो!

इतक्यात यांना ठसका लागला. "रुमाल दे," म्हणत यांनी माझी पर्स ओढली, हात घातला आणि डबा बाहेर काढला. झाकण उघडून आत बघितलं. आमच्या यांना जन्मात कधी हळू बोलता आलं नाही.

"अवं, यातलं खोबरेल कुठं गेलं?"

जाऊबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या हातच्या भाजीत तेल कमी पडलं का?"

"नाही बाई, ते डाएटमध्ये फॅट..."

"आमच्या घरी तेलाचा दुष्काळ नाही पडला! आपलं तेल घेऊन कोणी दुसऱ्याच्या घरी जेवाले जाते का? हे दाखवाले आली का इतक्या वर्षांनी? आन् माय मले बोलून राह्यली तं तू चूप बसली!"

मी मागे सरकले आणि पत्रावळीची कड उचलली गेली. खाली भाताचा ढीग. सासूबाईंनी तो पाहिला.

"इनं नवं खाल्लंच नाही," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी खाल्ला ना दादा! मी तं खाल्ला!" आमचे हे सगळ्यांना आपली पत्रावळ दाखवत होते. पन्नाशीचा माणूस, लहान पोरासारखा.

भासरे हात धुवायला उठले. "मोहाची फुलं आता तूच वेच," ते यांना म्हणाले. "झाड तुझंच."

म्हणजे झाडाचं भांडण आम्ही जिंकलो! परतताना रेल्वेत यांनी खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडं नाही. डबा तिथंच राहिला होता. मागायचं तोंड कोणाला होतं?

काही दिवसांनी गावचा एक माणूस तो डबा देऊन गेला. आमच्या इकडं कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर तांदळाचे चार दाणे टाकतात. मी घाईनं झाकण उघडलं. डबा राखेनं घासून लख्ख केलेला, आणि आत एक दाणा नाही.

शून्य कार्ब! महिनाभर तूप-लोणी-खोबरेल ओतून मला जे जमलं नाही, ते जाऊबाईंनी एका डब्यात करून दाखवलं.