शेडमध्ये एकमत नाही

शकीलभाईंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात होते. "प्रज्ञा, क्लास चालू हाय का तुहा?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "जेवली का?" हो म्हटलं. पलीकडून एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. वेल्डिंगच्या दुकानात आयुष्य गेलेला हा माणूस फोनवरही ओरडूनच बोलतो. त्या दिवशी ते हळू बोलत होते, आणि मला त्याचीच भीती वाटली. "दिनेश गेला ना बाई," ते म्हणाले. "सकाळी पेटी गाडीत चढवता चढवता खाली बसला. दवाखान्यापर्यंतय नाही पोचलो. तू घरी ये."

दिनेशदादा माझ्या मोठ्या बाबांचा मुलगा, म्हणजे चुलतभाऊ. जऊळक्यात त्याचा डीजेचा धंदा होता. लग्न असो, जयंती असो, आसेगावपासून पोहरादेवीपर्यंत त्याचा पिकअप फिरायचा. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. त्याच्याबद्दल लिहावं असं आमच्या मराठीच्या सरांनी सुचवलं. जमेल की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरी सगळे कामाचे, कमी बोलणारे. एखाद्या गोष्टीबद्दल आपल्याला काय वाटतं ते चारचौघांत सांगायचं असतं, हे मला पहिल्यांदा दादाच्या शेडमध्ये समजलं. ते ऋण मोठं आहे, म्हणून धीर करते आहे.

शेड म्हणजे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं टिनाचं गोडाऊन. आत बेसच्या पेट्या, वायरींची भेंडोळी, जनरेटर आणि कोपऱ्यात घडी घालून ठेवलेल्या ताडपत्र्या. त्या ताडपत्र्यांवर बसून आम्ही ढेकूळला ऐकायचो. ढेकूळ हा वऱ्हाडीत रॅप करणारा गायक. हे अर्थातच त्याचं स्टेजवरचं नाव. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हापासून तो गातो आहे, आधी चौघांच्या टोळीत आणि आता एकटा. दादा त्याचा इतका चाहता की पिकअपच्या मागच्या फाळक्यावर त्याने पेंटरकडून ढेकूळचा चेहरा काढून घेतला होता. पेंटरला नाक जमलं नाही. पोहरादेवीच्या यात्रेत एका आजोबांनी हात जोडून विचारलं, "हे तुहे वडील काय गा? कधी वारले?" दादा हे स्वतःच सगळ्यांना सांगायचा आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचा.

ढेकूळचा नवा अल्बम आला की शेडमध्ये बैठक बसायची. दादा, शकीलभाई, सोयाबीन-तुरीची शेती करणारे गजूभाऊ आणि मी. बैठकीचे नियम दादाचे. सगळ्यांनी आपापले फोन एका घमेल्यात टाकायचे, कारण लोकांच्या कमेंटा वाचल्या की आपलं मत त्यांच्यासारखं होऊन जातं. अल्बम संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आणि मत सांगायचं ते सगळ्यांत लहान असेल त्याने आधी. "मोठ्यानं आधी तोंड उघडलं की लहान नुसते मुंड्या हलवतात," दादा म्हणायचा. मी घरात, शाळेत, सगळीकडे मुंडी हलवणाऱ्यांतलीच होते. दहावीनंतरच्या सुट्टीत पहिल्यांदा शेडमध्ये बसले, तेव्हा माझी पाळी सर्वांआधी आली आणि मी म्हटलं, "चांगलं हाय."

"चांगलं तं गजूच्या म्हशीचं दूधय हाय," दादा म्हणाला. "गाण्यातलं काय चांगलं, ते सांग."

"म्हशीवर नको जाऊ बे," गजूभाऊ म्हणाले. सगळे हसले. मला वाटलं, सुटले. पण हसणं संपलं तरी दादा माझ्याकडेच बघत होता. रागाने नव्हे... गिऱ्हाईक पत्ता आठवत असताना रिक्षावाला थांबतो ना, तसा. शेवटी मी म्हटलं की तिसऱ्या गाण्यात एका लांब ओळीनंतर त्याने घेतलेला श्वास ऐकू येतो, तो मला आवडला. बोलून झाल्यावर कान तापले. रॅपच्या बैठकीत श्वास काय सांगायचा! दादा उठला, गाणं मागे घेतलं आणि तो श्वास सगळ्यांना ऐकवला. मग पुन्हा एकदा ऐकवला. "हे आमाले नव्हतं दिसलं," एवढंच म्हणाला आणि शकीलभाईंकडे वळला. त्या दिवशी घरी जाताना मी उगीचच लांबच्या रस्त्याने गेले.

बैठकीच्या शेवटी आम्ही अल्बमच्या व्हिडिओखाली 'जऊळका शेड' या नावाने एकच कमेंट टाकायचो, चौघांच्या एकमताची. टोळीच्या काळात एकदा स्वतः ढेकूळने आमच्या कमेंटला लाल बदामाचं चिन्ह दिलं होतं. त्या बदामावर शकीलभाईंनी अख्ख्या स्टेशनरोडला चहा पाजला. आमच्या दृष्टीने ती कमेंट म्हणजे छोटी गोष्ट नव्हती. आमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

मागच्या दिवाळीत दादाच्या छातीत कळ आली. अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी जागरण बंद, जड उचलणं बंद, सगळं सावकाश करायचं असं बजावलं. दादाने गोळ्या घेतल्या आणि बाकीचं कानाआड केलं. संगीतावैनी काही बोलली की म्हणायचा, "मंग वरात काय खाटेवर झोपून काढू?" आणि अशातच ढेकूळचा एकट्याचा अल्बम आला. टोळी फुटल्यानंतरचा पहिलाच. अल्बमचं नावच होतं, 'सावकाश'.

दादाला लग्नाची बुकिंग असल्याने बैठक रविवारी ठरली. पण मला राहवेना. हॉस्टेलवर माझी पार्टनर परीक्षेचा अभ्यास करत होती, म्हणून मी अगदी कमी आवाजात, फोन कानाला लावून तो ऐकला. ढेकूळ त्यात ओरडतच नव्हता. शेजारी बसून सांगावं तसा बोलत होता. रक्तदाबाच्या गोळ्या, मुलीचं गणित, गुडघे... एका गाण्यात तो कार्यक्रम आटोपून पहाटे घरी येतो. बायको झोपलेली असते, ताट झाकून ठेवलेलं असतं. नळाच्या आवाजाने ती जागी होईल म्हणून तो हात न धुताच जेवायला बसतो. त्या गाण्याला मी रडले. माझे बाबाही सोयाबीन काढायच्या दिवसांत तसेच उशिरा, आवाज न करता जेवतात.

रविवारी शेडमध्ये दादाने अल्बम लावला तो वरातीच्या सेटवर. दोन्ही बेस पूर्ण वर. टिनाचे पत्रे थरथरत होते, छातीत धडधड होत होती आणि मी जे ऐकलं होतं त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तालाच्या खाली कुठेतरी ढेकूळ पुटपुटत होता. नियमाप्रमाणे कोणी बोललं नाही. संपल्यावर माझी पाळी आली. मी म्हटलं, "मले वाटते, हा त्याचा सगळ्यांत चांगला अल्बम हाय."

गजूभाऊंना ठसकाच लागला. "अवं, ह्या गाण्यावर वरात काढली तं नवरदेव घोड्यावरच झोपन!"

"उस्ताद गोळ्या-औषधांवर रॅप करून राह्यला यार," शकीलभाई म्हणाले. "पुढचा अल्बम मोतीबिंदूवर करन."

दादा हसला नाही. त्याची पाळी शेवटची. म्हणाला, "संपला हा. उद्या फाळक्यावरचं चित्र पुसून टाकतो." घमेल्यातून आपला फोन काढला आणि लिहिताना मोठ्याने वाचू लागला, "जऊळका शेडकून सांगतो, भाऊ, आता थांबा..."

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. चिडलेला कमी आणि घाबरलेला जास्त वाटला. आता वाटतं, दिवाळीपासून त्यालाही सगळे थांबच म्हणत होते. त्या वेळी एवढं काही सुचलं नाही. एवढंच दिसलं की ती कमेंट गेली तर ढेकूळ ती वाचेल, आणि तिच्यात मीही असेन. मला दादाच्या शब्दापुढे बोलायची सवय नव्हती. घरात त्याच्यापुढे कोणी बोलत नसे. तरी म्हटलं, "दादा, शेडचं नाव नको टाकू. मीबी शेडमंधीच हाय."

गजूभाऊ ताडपत्रीची दोरी सोडवू लागले.

"मंग?" दादाने विचारलं.

"बेस बंद कर आन् पुन्हा लाव. तुह्या सेटवर त्याचे शब्दच येत नाहीत."

डीजेवाल्याला बेस बंद कर म्हणणं म्हणजे स्वयंपाकिणीला मीठ काढ म्हणण्यासारखं आहे. शकीलभाई म्हणाले, "ले! पोरगी तं आज तुहा धंदाच बसवते." पण दादा उठला. एकेक बटण खाली आणलं. पत्रे थांबले. बाहेर कोणाचीतरी बकरी ओरडत होती, ती ऐकू आली. मग ते पहाटेचं गाणं. दादा उभ्यानेच ऐकत होता, हात मशीनवर तसाच. ढेकूळ हात न धुता जेवतो त्या ओळीला दादाने मान खाली घातली. गाणं संपल्यावर त्याने मशीन बंद केलं.

"मले अजूनय नाही आवडला," शेवटी म्हणाला. "ढेकूळ ओरडला पायजे. पण आमी ऐकलाच नव्हता, हे खरं हाय." मग फोनवर लिहिलेलं पुसलं आणि दुसरं लिहिलं. 'जऊळका शेड. एकमत नाही. पुन्हा ऐकून राह्यलो.' टाकण्याआधी फोन माझ्यापुढे धरला. "चालते का?" मला असं आधी कोणी विचारलेलं नव्हतं. मी मुंडीच हलवली... त्याबद्दल लगेच बोलणीही खाल्ली.

त्या कमेंटला बदाम वगैरे काही आला नाही. पण त्यानंतर दादा मला हॉस्टेलवर फोन करू लागला. बुकिंगवरून परतताना गाडीत एकेक गाणं ऐकायचा आणि भांडायचा. "पाचवं तं बेकारच हाय, तू काहीबी म्हण." मी का ते विचारायचे, तो सांगायचा, मी उलट बोलायचे. एकदा म्हणाला, "तुह्यासंग बोल्लं की मले माह्यं मत समजते." चित्र त्याने पुसलं नाही. काम मात्र कमी केलं नाही. तेवढं एक आम्हा कोणालाच त्याला ऐकायला लावता आलं नाही.

त्याला नेताना गाणं लावायचं का, यावर पोरांमध्ये थोडी कुजबूज झाली. शकीलभाईंनी नको म्हटलं. आम्ही बुद्धवंदना घेत गेलो, सेट शेडमध्ये बंद होता.

दादाच्या नावाने ठेवलेल्या जलदान विधीच्या दिवशी जेवणं आटोपली, पाहुणे पांगले. दुपारी मी वैनीला भांडी लावायला मदत करत होते. वैनी शेडमध्ये कधी आलेली नव्हती. बैठकीला तिचा चहा यायचा, किटलीतून, कोणाच्या तरी हाती. ताटं पुसता पुसता ती म्हणाली, "तुमी दोघं ज्याच्यासाठी फोनवर भांडत होते, ते गाणं तरी काय हाय? त्यानं मले कधी ऐकवलं नाही."

मी ओट्यावर फोन ठेवला. आवाज कमी ठेवला आणि ते पहाटेचं गाणं लावलं. वैनी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. गाणं संपलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. मी तयारही होते.

"खोटं हाय हे," वैनी म्हणाली.

"काय खोटं?"

"ताट झाकून ठेवणारी बाई झोपत नाई वं. डोये मिटून पडते. गाडी आली, ते समजते. झाकण काढलं, ते समजते. पोळी किती खाल्ली, भाजी उरवली का, सगळं आवाजावरून समजते. आन् हा म्हणते, बायको झोपली होती." तिने हातातलं ताट पुन्हा एकदा पुसलं. "या माणसायले वाटते, आमी झोपलो."

हे गाणं घेऊन मी शेडमध्ये सगळ्यांशी भांडले होते. इतक्या वेळा ऐकलं, आणि त्या खोलीत आणखी एक माणूस जागं आहे, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. दादालाही सुचलं नसावं. तो आज असता तर त्याने ते गाणं मागे घेऊन पुन्हा लावलं असतं, आणि हात मशीनवर ठेवून उभा राहिला असता.

"वैनी, हे त्याले कळवू का?" मी विचारलं. "खाली लिहिता येते. तो वाचते कधी कधी."

"लिव. कळू दे."

"शेडच्या नावानं टाकते."

"शेडच्या कायले? मी कधी गेली शेडमंधी?" तिने ताट मांडणीत लावलं, पदराला हात पुसले. "माह्यं नाव लिव. संगीता."

तिने सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत मी लिहिलं. वाचून दाखवलं. तिने एक शब्द बदलायला लावला. मग मी फोन तिच्या हातात दिला, आणि बटण तिनेच दाबलं.