दोरा बांधलेलं प्यादं

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास मी शहापूरला शाळामास्तर होतो. मुरबाडच्या एका वकिलाला बुद्धिबळात हरवल्यापासून मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. मग कुणीतरी सांगितलं, तानशाच्या नळावर एक म्हातारा पहारेकरी आहे, त्याच्याशी एकदा बसून बघा. नळावरचा गडी! मी हसलो, आणि पुढच्याच रविवारी गेलो.

मुंबईला पाणी नेणारा तो नळ भर रानातून जातो. त्याला लागूनच पहारेकऱ्याची झोपडी. आत जमिनीवर कोळशाने आखलेला पट, सागाच्या लाकडाचे ओबडधोबड मोहरे. म्हातारा पटाकडे पाठ करून दारात बसे आणि एक तळवा नळावर टेकून ठेवी. खेळी तोंडाने सांगे, त्याचाही मोहरा मीच हलवायचा. दुपारी रानात पान हलत नसे. नुसता नळ आतून घुमायचा. मी घोड्याकडे हात नेला की तो न वळता विचारी, "घोडा का?" माझ्या अंगावर काटा यायचा, आणि त्याहून जास्त राग यायचा. तीन रविवार हरलो.

चौथ्या रविवारी त्याने गोधडीतला लाल दोरा उपसून एका प्याद्याला बांधला आणि पटावरच्या एका घरावर बोट ठेवलं. मात याच प्याद्याने, याच घरात. हे प्यादं मी मारलं तर तो हरला. असली पैज पोराटोरांशी लावतात. मी पेटलो. सबंध दुपार त्या दोऱ्यामागे धावलो, आणि उन्हं कलली तेव्हा माझाच राजा कोपऱ्यात कोंडला होता. मात व्हायच्या आत उशिराचं निमित्त करून मी उठलो.

तो रागावला नाही. म्हणाला, "डाव मोडू नका, मांडलेला ऱ्हाऊ दे. पुढल्या खेपेला कागद आना, गुरुजी. मला लिवता येत नाय. येवढा एक तरी डाव माझ्या मागं ऱ्हावा."

शहापुरात मी सांगितलं, म्हाताऱ्याला हरवून आलो. मग तिकडे जायला पाय उचलेना. दोन महिन्यांनी कळलं, तो हिवतापाने गेला.

कागद खिशात घालून गेलो. त्याची बायको एकटीच दारात बसली होती. मला बघून आत वळली. पट तसाच होता. बाकी झोपडी लख्ख सारवलेली, तेवढा कोपरा मात्र न झाडलेला, मोहऱ्यांच्या डोक्यांवरही धूळ. मी डाव उतरवून घ्यायला बसलो, तशी ती समोर बसली.

"खेला," ती म्हणाली.

यातलं काही येतं का, असं मी विचारलं. येत नाही म्हणाली. तरी मी हत्ती मागे घेऊन ते घर राखलं. दोऱ्याचं प्यादं आता पुढे आलं तर मेलंच. तिने त्याचा वजीर उचलला आणि माझ्या हत्तीच्या तोंडी ठेवला. फुकटचा वजीर! मी हत्तीने मारला. तिने पदराला बोटं पुसली, दोऱ्याचं प्यादं धरलं आणि त्या घरात सरकवलं. मात.

बाहेर नळ घुमत होता. ती म्हणाली, "तापात आठ दिस माज्या हातानं हेच करून घेतलं. गुरुजी हत्ती मागं घेतील, मग तू वजीर पुढं कर. वजीर दिसला का ते थांबायचे नाय."

"आणि मी दुसरं काही खेळलो असतो तर?"

"दुसरं काय नाय शिकवलं. म्हनले, येवढंच लागंल."

मला लाज वाटली, आणि भीतीही वाटली. ज्याने मला इतकं ओळखलं, त्याने शहापुरातली माझी थापही ओळखली असणार. मी डाव कागदावर उतरवू लागलो. ती बघत राहिली. मग तिने विचारलं, "जिंकलं कोन?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"तुमचे मालक जिंकले, मावशी," मी म्हणालो. "शहापुरातही आता मीच सांगेन."

तिने मान हलवली. प्याद्याचा दोरा सोडला, केरसुणी घेतली आणि तो कोपरा झाडायला लागली.