संथ पाण्यातले शिंपले

माझ्या धाकट्या मुलीला घरात सगळे डिंकी म्हणतात. रांगायची तेव्हापासून ती माझ्या पायाला असा विळखा घालायची, की ओट्यापासून बेसिनपर्यंत मला तिला फरपटत न्यावं लागे. तिचे बाबा म्हणायचे, "हिला सोडवायला गरम पाणी लागेल." नाव तेव्हा पडलं. पुढे ही खरोखरच चिकटवण्याच्या कामात पडेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ती ज्या प्रयोगशाळेत होती, तिथे तळघरातल्या एका खोलीत काळे शिंपले पाळले होते, समुद्रातल्या खडकांवर असतात तसले. लाटा आपटत असताना हा बोटाएवढा जीव बारीक धागे सोडतो, प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक चिकट टिकली लावतो आणि खडक धरून बसतो. आपला गोंद ओल्यावर लागत नाही, त्याचा लागतो. त्या टिकलीत काय आहे, किती आहे, कसं रचलंय, ते मोजायचं आणि तसाच पदार्थ आपण तयार करायचा, हे डिंकीचं काम. फाटलेलं फुप्फुस त्याने सांधता यावं हा हेतू. टाके घातले तर कधी कधी सुईच्या भोकांतूनच हवा सुटत राहते, असं तिनेच मला सांगितलं. तेव्हापासून कुणी खोकलं की मी हातातलं काम टाकून बघते.

तिच्या आत्याला हे काही पटत नसे. "डिंक तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. त्यासाठी इतकं शिकायचं?"

"तुमच्या फुप्फुसाला तोच लावू का, आत्या?"

आत्याने चहात साखर कमी आहे म्हणून विषय बदलला.

डिंकी घरी यायची तेव्हा बाह्यांवर मिठाचे पांढरे डाग असायचे आणि बोटांवर शिंपल्यांच्या कडांचे चरे. मी तिच्या पिशवीत मलम आणि पट्ट्या टाकून ठेवी. "आई, मी लढाईवर जात नाही," म्हणायची, पण काढून ठेवायची नाही. सुट्टीच्या दिवशीही एक चक्कर टाकून यायची. तिचे बाबा म्हणत, "एवढं शिकून शिंपल्यांची दाई झाली."

सुरुवातीला शिंपल्यांच्या टाकीत पाण्याचा जोर फार होता. नवे आणलेले शिंपले जम बसायच्या आतच भिंतींवर आपटून फुटायचे. रोज सकाळी तिला मेलेले वेचावे लागत. एके दिवशी तिने पंपाची चावी पिळून धार अगदी बारीक केली. जरा स्थिरावू देत, मग वाढवू. शिंपले स्थिरावले, जगले, गुटगुटीत झाले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम खूश होत्या, तिथे मरतुक म्हणून राहिली नाही. चावी मात्र पुन्हा कुणी फिरवली नाही, आणि पुढची सगळी मोजमापं याच शिंपल्यांची झाली.

त्यावरून बनवलेला गोंद काचेच्या ओल्या थाळीत छान धरायचा. मंजुरीसाठीची चाचणीही तशाच थाळीत व्हायची होती. ती पार पडली की काम इस्पितळात जाणार होतं आणि डिंकीची जागा पक्की होणार होती. तिने मात्र स्वतःच्या समाधानासाठी कसायाकडून एक फुप्फुस आणलं, त्याला चीर देऊन ती गोंदाने चिकटवली आणि हवा भरून सोडून पाहिली. चार श्वासांत गोंदाची कड उचलली गेली.

दुसऱ्या दिवशी टाकी साफ करताना तिला कळलं. बाकीचे शिंपले दोन बोटांत सुटत होते. नळाच्या तोंडाशी, जिथे बारीक का होईना पण धार लागत होती, तिथला एक काही केल्या निघेना. भिंगाखाली त्याचे धागे जाड होते, टिकल्या रुंद. संथ पाण्यात या जिवाला घट्ट धरायची गरजच पडत नाही, म्हणून तो धरत नाही. आणि तिने आजवर नक्कल केली होती ती याच ढिल्या पकडीची.

हे तिने घरी जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "चाचणी तरी होऊ दे. मग सांग. तोवर काही आकाश कोसळत नाही."

"नंतर ते माणसाच्या फुप्फुसाला लागेल, बाबा."

मी भरलेल्या पेल्यात पुन्हा पाणी ओतलं आणि ते ताटात सांडलं.

तिने मॅडमना सांगितलं. मॅडमनी टाकीतला एक शिंपला दोन बोटांनी सोडवून पाहिला. मग म्हणाल्या, "चावी कुणी फिरवली होती?"

"मी."

"आणि मी रोज येऊन बघत होते," मॅडम म्हणाल्या. एवढंच.

चाचणी रद्द झाली. नव्याने सगळं करायचं तर बराच काळ जाणार, तेवढं थांबायला वरची मंडळी तयार नव्हती. खोली दुसऱ्यांना द्यायची ठरली. डिंकीला दुसरीकडे बघ म्हणून सांगण्यात आलं, गोड शब्दांत. त्याच दिवशी तिने चावी पूर्ण उघडली. जाता जाता तरी घट्ट धरू देत, म्हणाली.

खोली रिकामी करायच्या दिवशी मी बादल्या घेऊन तिच्याबरोबर गेले. तिने मला बोलावलं नव्हतं, पण तिला एकटीला पाठवायचा धीर मला नव्हता. शिंपले खडकांवर परत सोडायचे होते. पण इतके दिवस जोराच्या पाण्यात राहून ते आता भिंतीवरून निघेनात. मी एक धरून जोर लावला.

"ओढू नकोस, आई. आतून फाटतो तो. धागे कापावे लागतात."

ती पात्याने एकेक धागा कापत राहिली. तिला इतके दिवस हवे होते ते हेच धागे. मोजायला आता तिथे काही उरलं नव्हतं, भिंग आणि तराजू सकाळीच वरच्या मजल्यावर गेले होते. पाणी काढून टाकल्यावर भिंतीवर टिकल्याच टिकल्या दिसू लागल्या, तपकिरी, नखाच्या टोकाएवढ्या.

सफाईचे काका खरवडून दमले. "काय लावून ठेवलंय हे, ताई? निघता निघत नाही."

"गरम पाणी लागेल," डिंकी म्हणाली.

काकांनी गरम पाणी आणलं. त्यानेही काही झालं नाही. तेव्हा तिने त्यांच्या हातातला पत्रा घेतला, टाकीत वाकली आणि स्वतः खरवडायला लागली.