सुईची सवय

दोन हजार चार-पाच साल असेल. इंदूरहून देवासला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी साठीच्या एक मराठी बाई बसल्या होत्या. धारला लेकीकडे राहून घरी चालल्या होत्या. मांडीवर टोपली, टोपलीत पांढरी मांजर.

वाटेत बस थांबली तशी त्यांनी रक्तातली साखर तपासायचं मशीन काढलं. मला वाटलं, स्वतःचं बोट टोचतील. त्यांनी मांजरीचा कान तळहातात धरून ऊब दिली आणि कडेला सुई टोचली. मी दचकलो. मांजर हललीसुद्धा नाही. थेंब पट्टीवर घेऊन त्यांनी कान कापसाने दाबला, तिला उकडलेल्या अंड्याचा तुकडा दिला.

"हिला शुगर आहे," त्या म्हणाल्या.

"ओरबाडत नाही?"

"आधी फार ओरबाडायची. मग मी नुसता कान चोळायचे आणि खाऊ द्यायचे. नंतर सुई न लावता टोचायचं पेन वाजवून दाखवलं. लागली भिया सवय." इंदूरकडे भैयाला भिया म्हणतात. "आता मशीन पाहिलं की आपणहून जवळ येते."

"मशीन हिच्यासाठीच घेतलं?"

"नाही, आमच्या ह्यांच्यासाठी. त्यांना सुईची धास्ती होती. मी रोज भांडायचे, त्यांनी एकदाही बोट पुढे केलं नाही. त्यातच गेले."

मांजरीच्या कानावरून त्यांचं बोट फिरत राहिलं.

"त्यांनाही असंच चुचकारावं, हे सुचलंच नाही हो."

देवासला मी टोपली धरून त्यांना खाली उतरवलं.