देवाच्या नावावर खपवलेला नकार

ताई चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायची. घरात थोरली म्हणून ताई. पुढे दुकानाची आणि चर्चचीही ताईच झाली. सव्विसाव्या वर्षी तिनं नवऱ्यासाठी प्रार्थना करायला घेतली, तीही मोघम नाही. वहीत अकरा कलमं होती: उंच असावा, वाचनाची आवड असावी, चारचौघांत हळू बोलणारा, सुरात गाणारा असावा. आई म्हणायची, "अगं, देवाकडे मागणं मागतेस की शिंप्याला मापं देतेस?"

बघता बघता ती अडतिशीला आली. धाकट्या बहिणीची मुलं शाळेत जाऊ लागली, पण ताईनं एकही कलम खोडलं नाही.

अशात चर्चमधल्या एका गृहस्थांनी तिला मागणी घातली. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना मशीनवाले म्हणत. बुटके, विधुर, एका कानानं कमी ऐकू येणारे. त्यामुळे बोलणं टिपेचं, आणि गाणं असं की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत. कुणाला मध्ये न घालता ते स्वतःच दुकानात आले, चष्म्याची दांडी बसवून घेतली आणि तिला विचारलं. गिऱ्हाइकांसकट सगळ्या दुकानानं ते ऐकलं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ दिवस प्रार्थना करून सांगते, असं म्हणून तिनं वेळ मारून नेली.

त्या आठ दिवसांत तिनं जगातल्या सगळ्यांसाठी प्रार्थना केली. या एका गोष्टीसाठी गुडघे टेकले नाहीत. न जाणो, देव हो म्हणाला तर? रविवारी उपासना सुटल्यावर तिनं त्यांना गाठलं.

"देवाची इच्छा नाही."

त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी चांगला कान पुढे केला, आणि तिला तेच पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

"मग माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. त्या वेळी मात्र त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

बातमी चर्चच्या मंडळीभर झाली. लग्नासारख्या गोष्टीतही देवाचा शब्द अखेरचा मानणारी बहीण, असा दाखला पाळकसाहेबांनी तरुण मुलींच्या सभेत दिला. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा रविवारच्या शाळेत लहान मुलांकडून पाठ करून घेणारी तीच होती. आता त्या ओळीपाशी तिचीच जीभ अडखळू लागली.

मशीनवाले चर्चला यायचेच बंद झाले. दोन महिन्यांनी त्यांची बहीण नंबर बदलून घ्यायला दुकानात आली, तेव्हा कळलं की ते घरीही प्रार्थना करत नाहीत. बायको गेली तेव्हासुद्धा सोडली नव्हती. आता म्हणतात, देवालाच मी नको आहे. त्या दिवशी ताईनं दोन काचा चुकीच्या घासल्या.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती त्यांच्या दुकानात गेली. ते उघड्या मशीनमध्ये तेल सोडत होते. ती चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहिली.

"देव नाही म्हणाला नव्हता. मी त्याला विचारलंच नाही. नकार माझा होता."

त्यांचा हात थांबला. त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली.

"तसं सांगायचं होतं की, ताई. चार दिवस वाईट वाटलं असतं. इथं मी देवाशीच अबोला धरून बसलो."

तिनं माफी मागितली. ते म्हणाले, "करीन माफ. पण आज मागू नका."

त्यांनी पुन्हा विचारावं, असं तेव्हा तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला आणखीच लाज वाटली. त्यांनी विचारलं नाही.

तिनं पाळकसाहेबांना खरं सांगितलं, मुलींच्या सभेतही उभं राहून सांगितलं. तीन रविवारांनी मशीनवाले परत आले. वर्षभरात त्यांचं एका शिक्षिकेशी लग्न झालं. लग्नात त्यांनी ताईला बोलावून बायकोची ओळख करून दिली आणि, फक्त ताईला ऐकू जाईल इतकंच, म्हणाले, "ते मागचं संपलं बरं का."

त्यांच्यापुरतं संपलं. ताई अजून नवऱ्यासाठी प्रार्थना करते. आधी माफी मागते, आणि पुष्कळदा त्यापुढे काही मागायचा तिला धीर होत नाही.