पूजेनंतर बोलावलेला माणूस

उज्जैनच्या फ्रीगंजात कुणी जुनी गाडी घेतली की गोपाळकृष्ण पाग्यांना बोलावणं आलंच म्हणून समजा. "येता का काका जरा? पाचच मिनिटं." आता ही पाच मिनिटं कधी दोन तासांच्या आत आटपली असतील तर शपथ! सरकारी बसच्या डेपोत फोरमन म्हणून उभा जन्म गेलेला माणूस. निवृत्त झाला, गुडघे बोलायला लागले, पण लोकांच्या लेखी अजून ड्यूटीवरच. गाडीखाली वाकायचं, आडवं व्हायचं, उठताना कुणाचा तरी हात धरायचा आणि मग सगळं घर तोंडाकडे बघत असताना काहीतरी बोलायचं. ते बोलणंच नको व्हायचं हो त्यांना.

कारण लोकांची रीतच उलटी. सत्त्याण्णव साल होतं. नव्या नव्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या, त्यामुळे जुन्या गाड्या मालकांना नकोशा झालेल्या, आणि ज्याच्या घरात आजवर फक्त स्कूटर होती तोही गाडीची स्वप्नं बघत होता. गाडी पसंत करायची ती रंगावरून. मग पंचांग बघून मुहूर्त. मग चिंतामण गणपतीला नेऊन पूजा, चाकाखाली लिंबं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळ्या गल्लीत पेढे. आणि हे सगळं झाल्यावर, "चला, आता पागेकाकांना दाखवून घेऊ." म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायची! पूजा झालेली गाडी परत कोण करणार? भय्यासाहेबांच्या फियाटला त्यांनी एकदा सरळ "हिला हात लावू नका" म्हटलं, तर भय्यासाहेब म्हणाले, "तुमच्या तोंडात कधी शुभ येणारच नाही का?" पुढं दोन गणेशोत्सव त्यांच्याशी बोलले नाहीत. गाडी मात्र चालवत राहिले.

तेव्हापासून पागे शहाणे झाले म्हणा, नाहीतर दमले म्हणा. गाडीभोवती फेरी मारायची, बोनेट उघडायचं, "ठीक आहे, जपून चालवा" म्हणायचं आणि चहा पिऊन घरी यायचं. बायको, कुसुम, म्हणायची तेच बरोबर होतं. "अहो, त्यांना तुमची तपासणी नको असते, तुमची मान हललेली हवी असते. हलवून या."

पण त्या दिवशी बोलावणं आलं ते धाकट्या बहिणीचं. रजनीचं. तिचा नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा अनिल कापडाच्या मिलमध्ये होता, आणि मिल बंद पडली. दोन वर्षं पोरगा इकडंतिकडं हातपाय मारत होता. आता त्यानं जुनी व्हॅन घेतली होती, शाळेची मुलं न्यायला-आणायला. रजनीचा आवाज फोनवर फुलून आला होता. "दादा, सोमवारपासून सुरू करतोय. तू एकदा नजर घाल, बस."

"पूजा झाली का?" पाग्यांनी विचारलं.

"सकाळीच झाली!"

पाग्यांनी कपाळाला हात लावला आणि चपला घातल्या.

गाडी दारात उभी होती. पांढरीशुभ्र, झेंडूच्या माळा, एकदम चकाचक. ती चकाकीच पाग्यांना खटकली. खिशात त्यांचं एक लोहचुंबक असायचं, जुन्या रेडिओच्या स्पीकरचं. ते त्यांनी दारावर लावलं, चिकटलं. पुढच्या डाव्या अंगाला लावलं, तर पडलं खाली. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. पत्रा कमी आणि ठोकर झाकायला भरलेली पुट्टीच जास्त. मग ते गुडघ्याला शिव्या देत आडवे झाले. खालची फ्रेम वाकून तुटलेली होती, तिला वेल्डिंग करून वरून काळा रंग फासला होता. उठून आत बसले आणि सवयीनं स्टीअरिंगच्या दांड्याखाली हात घातला. उज्जैनीत गाडीचे मालक मोजायची ही त्यांची पद्धत. कागदावर काहीही लिहिलेलं असो, जो गाडी घेतो तो पूजेचा लाल नाडा तिथं बांधतो, आणि दुसऱ्यानं बांधलेला सोडायची कुणाची छाती होत नाही. सकाळचा करकरीत नाडा वर होता. त्याच्याखाली आणखी दोन, तेलानं काळे पडलेले.

"चल अनिल, कोठी रोडला एक चक्कर मारू," ते म्हणाले.

रस्ता मोकळा होता. पाग्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे गेली. पुन्हा दाबला, पुन्हा डावीकडेच. त्यांनी झाडाखाली गाडी उभी केली.

"कुठं ठोकली होती ही?"

अनिल काचेतून बाहेर बघत म्हणाला, "देवास रोडला. ट्रकवर."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"होतं मामा. धड असती तर मला झेपली असती का?"

"मग आईकडून मला कशाला बोलावलंस रे गाढवा?"

"तुम्ही पाहिलीत, एवढंच हवं होतं." आता पोरगा भडाभडा बोलायला लागला. "तुमच्या गल्लीत सगळ्यांनी एकच विचारलं, पागेकाकांनी पाहिलीय का गाडी? पाहिली असेल तर आम्ही आमची मुलं पाठवतो. मी हो म्हणून बसलो. तुमची नात ईरापण यातूनच जाणार, असं सांगितलं. आईसमोर, पूजा झाल्यावर, तुम्ही नाही म्हणणार नाही असं वाटलं. मामा, मी हळू चालवीन ना. थोडे दिवस निघू द्या, नीट करून घेतो. आणि चिंतामणाला नारळ फोडलाय."

"तुझ्याआधी दोघांनी फोडला होता," पागे म्हणाले. "आणि फ्रेम अशी नीट होत नसते. ब्रेक मारला की डावीकडे जाते ही. शाळेच्या रस्त्यावर डाव्या अंगाला कोण चालत असतं रे? मुलंच ना?"

अनिलनं डोळे पुसले. पाग्यांना त्याचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. याला त्यांनी खांद्यावर बसवून कार्तिक मेळा दाखवला होता.

परत आले तर रजनी प्रसादाची वाटी घेऊन दारातच उभी. "कशी आहे रे गाडी, दादा?" तिच्या तोंडावर इतका आनंद कित्येक वर्षांत कुणी पाहिला नसेल. पाग्यांनी प्रसाद तोंडात टाकला. "उद्या बोलू," म्हणाले, आणि घरी आले. दारोदार जाऊन सांगायला हवं होतं. समजत होतं सगळं, पण पाय उचलेनात. जन्मभर खरं सांगून काय मिळालं? लोकांनी तोंडं फिरवली, आणि गाड्या चालतच राहिल्या. बोलायचाच कंटाळा आला होता त्यांना.

कुसुमला सगळं सांगितलं. पोळ्या लाटता लाटताच ती म्हणाली, "या वेळी मान हलवून या असं मी म्हणणार नाही." एवढंच. पुढं काय करायचं, ते तिनंही सांगितलं नाही.

दुसरा दिवस सोमवारच होता. अनिल ऐकेल, गाडी काढणारच नाही, असं पाग्यांनी मनाशी धरलं होतं. वेडी आशा! सकाळी हॉर्न वाजला तो पहिला त्यांच्याच दारात. व्हॅन उभी. पुढच्या सीटवर रजनी, ठेवणीतली साडी नेसून, पहिल्या फेरीला शकुन म्हणून आलेली. समोरच्या ओट्यावर शेजारीण पल्लवी आपल्या दोन्ही मुलांना दप्तरासकट घेऊन तयार. पलीकडेही दोन-तीन आया. सगळ्यांच्या नजरा पाग्यांच्या दाराकडे. ईरा बसली की सगळी बसणार.

ईरा वेण्या घालून बाहेर धावली. पाग्यांनी तिचा हात धरला.

"काका, पाहिलीत ना गाडी?" पल्लवीनं हसून विचारलं.

"पाहिली," पागे म्हणाले. "ईरा यातून जाणार नाही. तुम्हीही कुणी पाठवू नका."

पल्लवीनं मुलांचे हात धरले आणि ती आत गेली. एकेक दार लागलं. अनिलनं स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

रजनीनं भावाकडे पाहिलं. "दादा, काल सांगायचं होतंस. घरात सांगायचं होतंस. असं चारचौघांत?"

"चुकलं माझं," पागे म्हणाले. "काल तोंड उघडेना."

"पोराच्या तोंडचा घास काढलास तू."

"काढला," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रजनीनं दार उघडलं आणि ती खाली उतरली. पाग्यांना वाटलं, आता ही आपल्याला काय वाटेल ते बोलणार. बोलू दे. पण ती त्यांच्याकडे वळलीच नाही. पदर खोचून तिनं व्हॅनचं दार लावलं.

"बैस ना आई," अनिल आतून म्हणाला, "घरी सोडतो."

"नको," ती म्हणाली. "तू हळू ने. मी पायी येते."

आणि ती चालायला लागली. तिचं घर काही जवळ नव्हतं, आणि ऊन तापायला लागलं होतं.